तपासणाऱ्याची दाढ दुखू नये

मे महिना लागला की आमच्या हाउन्सलोतल्या गल्लीत दोन गोष्टी बरोबरीने होतात. कुंपणांवर पांढरी फुलं येतात, ज्यांचं नाव मला वीस वर्षांत पाठ झालेलं नाही, आणि शाळकरी मुलं रस्त्यावरून नाहीशी होतात. मुलं घरात कोंडलेली असतात आणि फुलं खिडकीतून आत शिरून त्यांना शिंका आणतात. ऐन परीक्षेत अर्ध्या पोरांचे डोळे लाल आणि नाकं गळती, असा बेत इंग्रजांच्या या देशाने का करून ठेवलाय कोण जाणे. आमच्या नगरला परीक्षेच्या दिवसांत कडुलिंबाची फुलं वर्गात झडायची आणि मनगटाचा घाम लागून शाई फुटायची. इथे घाम नाही, शिंका आहेत. भीती मात्र तीच.

काल संध्याकाळी मी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल खरवडत बसले होते. इथे परीक्षेला बाटली न्यायची ती कोरी, पेनं न्यायची ती आरपार दिसणाऱ्या पिशवीत. उत्तर लपवायला कुठे जागा राहता कामा नये. माझ्या लेकीचा, रूथचा, आज ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, पहिला पेपर होता. लेबल निघत होतं, डिंक निघत नव्हता, आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता की सकाळी पोरीच्या डोक्यावर हात कोण ठेवणार. आमच्या घरात चार पिढ्यांत हा प्रश्न कुणाला पडलेला नव्हता.

आम्ही ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातले. परीक्षेला निघालेल्या लेकराच्या डोक्यावर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने हात ठेवायचा आणि प्रार्थना करायची, एवढं कुठल्याही ख्रिस्ती घरात होतं. आमच्या घरची तऱ्हा जरा वेगळी. आमच्यात मार्क मागायचे नाहीत. ‘पास कर’ असंसुद्धा म्हणायचं नाही. पहिली प्रार्थना पेपर तपासणाऱ्यासाठी करायची: त्याच्या घरी सगळं बरं असो, त्याचा चहा गरम असो, त्याची दाढ दुखू नये. मग शेजारच्या बाकावर बसणाऱ्या लेकरासाठी, ते कोण हे माहीत नसलं तरी. आणि सगळ्यात शेवटी, हात जरासा दाबून, ज्याचा पेपर त्याच्यासाठी: “जे शिकलंस ते आठवो. जे आठवणार नाही, त्याची लाज न वाटो. आमेन.” झालं की निघा.

लहानपणी मला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, मैत्रिणी रिक्षात बसून सनावळ्या घोकतायत, आणि आमचे पप्पा डोळे मिटून कुठल्या अनोळखी मास्तरांच्या दाढेची काळजी करतायत. माझ्या गणिताचं काय? त्याबद्दल अवाक्षर नाही. एकदा मी हाताखालून मान काढून घेतली आणि म्हटलं, “पप्पा, निदान भूमितीचं तरी सांगा त्याला.” पप्पांनी डोळे न उघडता मान परत हाताखाली ओढली आणि चहापासून पुन्हा सुरुवात केली.

या दाढेमागे गोष्ट आहे, आणि ती माझ्या आजोबांची आहे. आबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. सातवीच्या फायनलचे गठ्ठे त्यांच्याकडे तपासायला यायचे. एका उन्हाळ्यात त्यांची दाढ सुजली. गालाला लवंगेचं तेल, कपाळाला पट्टी, समोर गठ्ठा, आणि प्रत्येक चुकीचा शब्द थेट दाढेतून कळ काढतोय. त्या तिरमिरीत त्यांनी एका मुलीला दोन मार्कांनी नापास केलं. गठ्ठा परत बांधायला घेतला तेव्हा तिच्या पेपरमागे जोडलेली पुरवणी दिसली. आपण ती उलटलीच नव्हती. पुन्हा कशाला उघडा, दाढ ठणकतेय, असं म्हणून त्यांनी गठ्ठा बांधून टाकला. महिन्याभराने कळलं की वडिलांनी त्या पोरीचं नाव शाळेतून काढलं.

आबा उन्हातून चालत तिच्या गावी गेले. बापासमोर उभे राहून म्हणाले, चूक तुमच्या मुलीची नाही, माझी आहे. बापाने त्यांना पाणी दिलं, सावलीत बसवलं. मुलगी परत शाळेत आली नाही. आबांनी ही गोष्ट मुलांपासून लपवली नाही, उलट प्रत्येकाला परीक्षेचं वय झालं की समोर बसवून सांगितली. बहुतेक घराण्यांत पूर्वजांचे पराक्रम सांगतात. आमच्या आजोबांनी स्वतःची चूक सांगितली आणि तिच्यातून आशीर्वाद काढला, याचं मला आता वय झाल्यावर फार नवल वाटतं आणि अभिमानही वाटतो.

आबांनंतर हात पप्पांकडे आला आणि इथे, या देशात, सालूआत्याकडे. सालोमी तिचं खरं नाव, पप्पांची धाकटी बहीण. विशीत एकटी विमानात बसून नर्स व्हायला इथे आली, लग्न केलं नाही, आणि म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डची सिस्टर म्हणून निवृत्त झाली. वॉर्डात तिचा असा दरारा होता की डॉक्टर आधी बूट पुसून आत यायचे, असं ती सांगते. त्यातलं अर्धं मी खरं धरते. पण निवृत्तीनंतरही चादरीचा कोपरा सैल दिसला तर तिला तो घट्ट केल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिची इथली पहिली परीक्षा होती तेव्हा डोक्यावर हात ठेवायला कोणी नव्हतं. तिने घरी तसं लिहिलं. उत्तर म्हणून निळं एरोग्राम आलं. आत एका बाजूला आबांनी आपला उजवा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढलेली, करंगळी जराशी वाकडी, आणि खाली लिहिलेलं: ‘हा डोक्यावर ठेव. तपासणाऱ्याचं मी इकडून बघतो.’ नर्सेसच्या होस्टेलमध्ये पलंगावर बसून तिने तो कागद डोक्यावर ठेवला. खोलीतली आयरिश मुलगी म्हणाली, वारा नाही की ऊन नाही, टोपी कसली घालतेस? त्यानंतरच्या प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक बढतीच्या मुलाखतीला तो कागद डोक्यावर बसून आला. घड्यांवर फाटला, तिने त्याला मागून पट्ट्या लावल्या.

हाउन्सलोत विमानतळ शेजारीच, त्यामुळे विमानं छपराला खेटून जातात. वाक्य मध्येच थांबवायचं, विमान जाऊ द्यायचं आणि राहिल्या शब्दापासून पुढे बोलायचं, हे इथे महिन्याभरात अंगवळणी पडतं. आत्याची प्रार्थनाही तशीच चालायची. “तपासणाऱ्याची दाढ…” विमान. हात डोक्यावर तसाच, डोळे मिटलेले, कपाटातले कप किणकिणतायत. “…दुखू नये.” रूथ लहान असताना तिला वाटायचं की विमान हा प्रार्थनेचाच भाग आहे.

आणि हा हात नुसता रक्ताच्या नात्यापुरता नव्हता. माझा नवरा विकास पुण्याचा, हिंदू. आमच्याकडे गणपतीही बसतो आणि नाताळचा ताराही लागतो. विकास ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा आपटला. तिसऱ्या वेळी आत्या म्हणाली, “विकास, इकडे या. वाका.” जावई म्हणून अहोजाहो, पण वाकवलं लहान मुलासारखं. आणि प्रार्थना काय केली, तर “या माणसाशेजारी बसायचं धैर्य त्या परीक्षकाला दे.” विकास पास झाला. तेव्हापासून कुठल्याही मुलाखतीआधी तो स्वतःहून आत्यासमोर डोकं घेऊन उभा राहायचा आणि मला म्हणायचा, “हे बघ, माझं श्रद्धेचं नंतर बघू. रेकॉर्ड चांगलं आहे.”

मी स्वतः या बाबतीत काठावर उभी असलेली बाई. रविवारी चर्चला जाते, भजनं तोंडपाठ आहेत, पाळकांचं प्रवचन बरं झालं तर तसं सांगते. पण प्रार्थनेला डोळे मिटले की मला कोणी दिसत नाही, गॅस बंद केला का एवढंच आठवतं. आत्याला हे माहीत होतं. ती कधी रागावली नाही. एकदाच, रूथसमोर, म्हणाली, “हात तेवढा आपला असतो गं. बाकीचं त्याचं. तू कशाला एवढं ओझं घेतेस?” मी हसून विषय बदलला. आत्या आहे तोवर माझ्यावर वेळ येणार नाही, असा माझा हिशोब होता.

दोन वर्षांपूर्वीचा मे-जून मला या सगळ्यासाठी आठवतो. रूथ सोळाची, जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीचं, वर्ष. आत्या आमच्यापासून दोन बस स्टॉपवर तिच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची आणि परीक्षेच्या दिवसांत सकाळी सातला आमच्या दारात हजर व्हायची. शेजारची हरलीन, रूथची मैत्रीण, शाळेत बरोबर जायला यायची आणि दारात उभी राहून हा सोहळा बघायची. दुसऱ्या की तिसऱ्या पेपरला तिने मला हळूच विचारलं, “आँटी, कॅन शी डू मी टू?” शीख घरातली मुलगी ती. आत्याने ऐकलं होतं. तिने विचारलंही नाही काही, डावा हात पुढे करून बोटांनी खूण केली. त्या दिवसापासून दोन हात, दोन डोकी. दारातून वारा आत येत होता, दोघी आळीपाळीने शिंकत होत्या, आणि आत्या शिंकांसाठीही विमानासारखीच थांबत होती.

पण त्याच दिवसांत आत्याचं काहीतरी निसटायला लागलं होतं. दुधाची बाटली कपड्यांच्या कपाटात सापडली. चर्चमध्ये तीस वर्षांच्या ओळखीच्या बाईंना तिने ‘तुम्ही नवीन का?’ विचारलं. मी तिला जीपीकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी मेमरी क्लिनिकला पत्र पाठवलं, आणि तारीख आली ती नेमकी रूथच्या केमिस्ट्रीच्या दिवशीची. सकाळी केमिस्ट्री, दुपारी अडीचला आत्या.

गंमत म्हणा की दैव म्हणा, आत्याला हा आठवणीचा पेपर आतून-बाहेरून माहीत होता. वॉर्डात वर्षानुवर्षं तिनेच तो म्हाताऱ्यांना दिला होता. आज वार कोणता? आपण कितव्या मजल्यावर आहोत? मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. घड्याळ काढा आणि त्यात सव्वाचार वाजवा. पंतप्रधान कोण? हा शेवटचा प्रश्न जरा अन्यायाचा, कारण मधल्या काळात इतके बदलले की तो मलाही घाईत सांगता आला नसता.

एका संध्याकाळी मी शिफ्टवरून परत आले तर जेवणाच्या टेबलावर दोघी समोरासमोर बसलेल्या. रूथपुढे केमिस्ट्रीची कार्डं, गुलाबी-हिरव्या रेघा मारलेली. आत्यापुढे वही. तिच्यावर घड्याळंच घड्याळं. मी दारातच थांबले.

“सालूआजी, तू काय करते?” रूथने कार्डातून डोकं वर न काढता विचारलं.

“रिव्हिजन.”

“कशाची?”

“माझ्या पेपरची. गुरुवारी दोघींचा पेपर आहे ना?”

रूथने वहीकडे पाहिलं. मीही मागून पाहिलं. वर्तुळ छान होतं, परातीसारखं गोल. पण बारा आकडे सगळे उजव्या अंगाला दाटीवाटीने उभे होते आणि डावी बाजू कोरी होती. एका पानावर, दुसऱ्या पानावर, तिसऱ्या पानावर तेच. रूथने आपली हिरवी पेन्सिल घेतली, एका नव्या वर्तुळात वर, खाली, उजवीकडे, डावीकडे चार ठिपके दिले आणि वही आजीकडे सरकवली. “आधी हे चार कर. बारा, तीन, सहा, नऊ. आमचे सर असंच शिकवतात, सोप्पे मार्क्स फर्स्ट.” आत्याने चष्मा नीट केला आणि चार आकडे लिहिले. नवाच्या जागी नऊ आला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, जी आधीच घासलेली होती.

त्या गुरुवारी सकाळी आत्याने दोघी मुलींना नेहमीसारखं मार्गी लावलं. तपासणारा, चहा, दाढ, शेजारचं बाक. आवाज ठणठणीत. मुली गेल्या. दुपारी मी सुट्टी घेऊन तिला न्यायला तिच्या फ्लॅटवर गेले तर कपाटं उघडी, खण उपसलेले, पलंगावर कागदांचा ढीग, आणि मधोमध आत्या. कार्डिगनची वरपर्यंत बटणं लावलेली, मांडीवर पर्स.

“मी येणार नाही.”

“अगं आत्या, असं काय करतेस? गाडी खाली लावलीय.”

“एरोग्राम सापडत नाही.”

मला वाटलं पासपोर्ट, बिलं, असलं काही. मग तिने आपला पंजा पर्सवर पसरून दाखवला आणि माझ्या लक्षात आलं. मी शोधायला लागले. तासभर शोधलं. सगळं सापडलं, होस्टेलच्या दिवसांतल्या केसांच्या पिनासुद्धा सापडल्या, तो कागद नाही. तो आजतागायत सापडलेला नाही.

आत्या म्हणाली, “आबा गेले. तुझे पप्पा गेले. माझ्या वरचं कोणी राहिलंच नाही गं. मी आयुष्यात एकही पेपर मोकळ्या डोक्याने दिला नाही. आता शेवटचा देऊ?”

मी तिच्यापुढे उभी होते. तिच्यानंतर घरात मीच मोठी. माझा हात उचलला गेला होता, हे मला पक्कं आठवतं, आणि तो मी माझ्याच पदराकडे, म्हणजे इथे जॅकेटच्या चेनकडे नेला. लहानांनी मोठ्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा नसतो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तेवढंच नव्हतं. ज्या दुकानात आपण कधी नीट गेलो नाही, त्या दुकानातला माल दुसऱ्याला कसा द्यायचा, असं मला वाटलं. मी भ्यायले. सरळ शब्द तोच आहे.

मी रूथला फोन केला, की घरी गेलीस तर किल्ली शेजारी आहे, आम्हाला उशीर होतोय. का होतोय तेही सांगितलं. दहा मिनिटांत पोरगी दारात. शाळेचा ब्लेझर खांद्यावर, बोटांना शाई, नाक लाल.

“सो व्हॉट्स द प्रॉब्लेम? मी करते ना.”

“तू?” आत्या हसली. “लेकरं मोठ्यांना आशीर्वाद देत नसतात, बाळा. तो वरून खाली येतो.”

“पण तूच बोलते ना, हात फक्त आपली आहे, बाकी सगळा त्याचं. मग माझी हात पण चालेल. इट्स जस्ट अ हॅंड, आजी.”

आत्या तिच्याकडे बघत राहिली. वॉर्डात एखाद्या शिकाऊ नर्सने बरोबर उत्तर दिल्यावर बघत असेल तशी. मग तिने पर्स बाजूला ठेवली आणि मान वाकवली. पांढऱ्या केसांत मधोमध काढलेला सरळ भांग मला दिसला. या जागी माझ्या आजोबांचा हात असायचा, असा विचार मनात आला.

रूथने हात ठेवला. तिची प्रार्थना अर्धी मराठी, अर्धी इंग्लिश होती. डॉक्टरांचा लंच नीट झालेला असू दे. त्यांची दाढ दुखू नये. वेटिंग रूममध्ये आजीशेजारी जे कोणी बसेल, त्याला भीती वाटू नये. विमान आलं. रूथ थांबली, हात न हलवता, डोळे घट्ट मिटून. विमान गेलं. मग तिने हात जरासा दाबला आणि शेवटचं वाक्य मात्र आख्खं मराठीत, एकही अक्षर न चुकता म्हटलं: “जे शिकलीस ते आठवो. जे आठवणार नाही, त्याची लाज न वाटो.”

आत्या रडली. मीही रडले. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं, माझ्या डोक्यावरून गेलं होतं म्हणा ना. त्याचा पहिला अर्धा भाग मला माझ्या कामाचा वाटायचा आणि दुसरा नुसता शोभेचा. तो दुसरा भाग किती लांबच्या दिवसासाठी घरात सांभाळून ठेवलेला होता, ते मला त्या दुपारी कळलं.

क्लिनिकमध्ये मी आत्याशेजारीच बसले होते. डॉक्टर तरुण होती, हसरी. तिने वही उघडली तेव्हा आत्याने पर्समधून एक घडी केलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर त्या दिवसाचा वार, तारीख, मजला, पंतप्रधान, सगळं लिहिलेलं. ती इंग्लिशमध्ये म्हणाली, “हे मी पाठ करून आले आहे, डॉक्टर. तेव्हा ते धरू नका. दुसरं काही विचारा.” डॉक्टर चिठ्ठीकडे बघत राहिली, मग तिने ती हळूच आत्याकडे परत सरकवली आणि खुर्ची जवळ ओढून घेतली. तीन शब्दांपैकी आत्याला एक आठवला. घड्याळ काढलं. आकडे पुन्हा उजवीकडे गोळा झाले. तिने कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि खुदकन हसली. “हे काही चालायचं नाही,” म्हणाली. चोरट्यासारखी खाली मान नाही, ओशाळलेपण नाही, माझ्याकडे मदतीसाठी बघणं नाही. इतक्या वर्षांची कडक सिस्टर, आपला नापासाचा पेपर हातात धरून हसत होती. देव आहे की नाही या वादात मी पडत नाही. पण मागितलेलं एखाद्याला मिळतं, हे मी त्या खोलीत पाहिलं.

आजाराचं नाव कळलं, गोळ्या सुरू झाल्या, रूथला केमिस्ट्रीत बरे मार्क पडले. आबांच्या नियमाप्रमाणे ते कोणी मागितले नव्हते. गेल्या हिवाळ्यापासून आत्या आमच्याकडेच राहते. खिडकीशी तिची खुर्ची आहे. कधी ती रूथला माझ्या नावाने हाक मारते, कधी ‘नर्स’ म्हणते. कधी दिवसभर गप्प. अजूनही पांघरुणाचा कोपरा हाताशी आला की तो ती घट्ट खोचते.

आणि म्हणून काल मी डिंक खरवडत होते. विकास म्हणाला, “तूच कर ना.” मी म्हटलं, बघू. कोणाचा हात हवा, हे रूथला विचारायची हिंमत झाली नाही.

आज सकाळी रूथ तयार होऊन खाली आली आणि काहीच बदललं नसल्यासारखी थेट आत्याच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. आत्याने तिच्या केसांकडे पाहिलं. ही कोण हे तिला ठाऊक होतं असं मला वाटत नाही. पण हात उठला. आपणहून उठला आणि डोक्यावर जाऊन टेकला. आम्ही थांबलो. एक विमान आलं आणि गेलं. आत्याचे ओठ हलले, शब्द आला नाही. पुन्हा हलले. विकास गाडीची किल्ली मुठीत आवळून उभा, घड्याळाकडे बघायचं टाळत. रूथची मान जराही हलली नाही. पेपर चुकला तरी ती त्या हाताखालून उठणार नाही, हे मला दिसत होतं.

मी खुर्चीमागे गेले. वाकून आत्याच्या हातावर माझा हात ठेवला. तिचा हात कोमट होता, हाडं हाताला लागत होती. मी म्हणायला सुरुवात केली. तपासणाऱ्याच्या घरी सगळं बरं असो. चहा. दाढ. शेजारच्या बाकावरचं लेकरू. माझ्या बोटांखाली आत्याची बोटं योग्य त्या जागी दाबली गेली, तेव्हा मी शेवटचं वाक्य म्हटलं. मी ते विश्वासाने म्हटलं की सवयीने, हे मला आत्ताही सांगता येणार नाही. रूथने ‘आमेन’ म्हटलं, आत्याच्या गालाचा पापा घेतला, पेनांची पिशवी उचलली आणि विकासबरोबर पळाली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी हात काढून घेतला तर आत्याने माझं मनगट धरलं. घट्ट. मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या वॉर्डातल्या जुन्या, खणखणीत आवाजात विचारलं, “आणि तुझा पेपर कधी आहे गं?”

मी पन्नाशीची बाई. “आजच आहे, आत्या,” म्हटलं, आणि तिच्या पुढ्यात जमिनीवर बसले.